शिवणीची बाजू

हरिकेन या लढाऊ विमानाचा वैमानिकाच्या पाठीमागचा भाग कापडाचा असतो, हे सांगितलं की लोकांना चेष्टा वाटते. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "विमान पत्र्याचं असतंय की गं. कापडाचं असलं तर वाऱ्यानं फाटंल." मी म्हटलं, नीट शिवलेलं असलं तर ताशी पाचशे किलोमीटर वेगातही फाटत नाही. "मग शिवतंय कोण?" आत्ता मी शिवते. १९४० साली कोण शिवत होतं, हे मात्र मला कुणी आपणहून सांगितलं नाही. त्या विमानात कोण बसलं, त्यानं शत्रूची किती विमानं पाडली, कुठल्या तारखेला, किती वाजता, हे सांगणारी माणसं इथे पैशाला पासरी मिळतात.

माझं माहेर इचलकरंजीचं. वडील मागावर, आई कांड्या भरायला. ताणा, बाणा, पीक, फणी हे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. पुढे टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडच्या पूर्व भागात येऊन पडले. सपाट शेतं, आणि थोड्या थोड्या अंतरावर युद्धकाळातली एखादी मोडकी धावपट्टी, असा हा मुलूख. इथल्या एका वर्कशॉपमध्ये जुनी विमानं पुन्हा उभी करतात. त्यांचा कापडकाम करणारा म्हातारा कारागीर निवृत्त व्हायच्या बेतात होता आणि त्या कामाला तरुण माणूस मिळत नव्हता. मुलाखतीत त्यांनी माझ्यापुढे लिननचा एक तुकडा ठेवला आणि याबद्दल काय सांगता येईल, असं विचारलं. मी ताणा कुठला, बाणा कुठला ते सांगितलं, इंचाला किती धागे असतील ते नखानं मोजून सांगितलं, तिरकं ओढून पाहिलं. विमानाबद्दल त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही, ते बरंच झालं.

सिडनी कॅम यांनी आराखडा काढलेलं हे विमान पहिल्यांदा उडालं ६ नोव्हेंबर १९३५ ला, लंडनजवळच्या ब्रुकलँड्सहून. हॉकर कंपनी त्याआधी दुहेरी पंखांची विमानं करायची, पोलादी नळ्या आणि कापड यांची. कॅम यांनी आकार बदलला, पंख एकेरी केले, चाकं पोटात घेतली, नवं मर्लिन इंजिन बसवलं. बांधणी मात्र जुनीच ठेवली. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे नळीचं गोल टोक दाबून चौकोनी केलेलं, दोन्हीकडून सपाट पट्ट्या आणि त्यांतून बोल्ट कसलेले. त्यावर लाकडी कड्या, कड्यांवर लांब लाकडी पट्ट्या आणि त्यांच्यावर कापड. सुरुवातीच्या हरिकेनचे पंखसुद्धा कापडाचेच होते, पत्र्याचे पंख नंतर आले. नव्या जमान्यातल्या जाणकारांना ही बांधणी तेव्हाच जुनाट वाटत होती. पण कामगारांच्या हाताला ती सवयीची होती, आणि हेच कामी आलं. त्याच काळातल्या स्पिटफायर या दुसऱ्या लढाऊ विमानाचा वळणदार पत्रा बसवायचं कसब नव्यानं शिकावं लागलं. त्यासाठी बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिच इथे उभारलेल्या प्रचंड कारखान्यातून १९४० चा जून उजाडेपर्यंत एक विमान बाहेर पडलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जर्मनीशी झालेल्या लढाईत स्पिटफायरपेक्षा हरिकेन जास्त होती आणि पडलेल्या जर्मन विमानांतली निम्म्याहून अधिक हरिकेननं पाडली. गोळी कापडातून आरपार जायची. खाली आल्यावर फिटर भोकावर ठिगळ लावून वर डोप नावाचं लुकण फासायचा आणि विमान पुन्हा वर. पुढे पोस्टाच्या तिकिटावर चित्र आलं की ते बहुधा स्पिटफायरचं. मी हरिकेनची असल्यामुळे हे जरा लागतं.

कापडाचं काम असं चालतं. लिनन जवसाच्या देठाचं, आयर्लंडचं. युद्धात युरोपातून येणारं जवस तुटलं तेव्हा उत्तर आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी जास्तीचं जवस पेरलं होतं. (मॉस्किटो या लाकडी विमानावर मदापोलम नावाचं सुती कापड चढवायचे. मदापोलम म्हणजे आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ, नरसापूरच्या शेजारचं गाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तिथून कापड बाहेर जायचं. मलमल आणि केंब्रिक विणणाऱ्या गावाच्या मुलीला ही गोष्ट चार ठिकाणी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.) कापड बेतताना ताणा वाऱ्याच्या दिशेनं ठेवायचा. पन्हे जोडताना दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर शिवणी मारायच्या, इंचाला आठ ते दहा टाके. जिथे मशीन पोचत नाही तिथे मेण लावलेला दोरा आणि वाकडी सुई. कापड सांगाड्यावर चढवलं की पहिल्यांदा ते ढिलंच दिसतं, नवख्या माणसाला वाटतं, बेतात काहीतरी चुकलं. मग डोप.

डोप म्हणजे सेल्युलोजचं पातळ, झणझणीत वासाचं लुकण. पहिला हात ब्रशनं असा द्यायचा की ते कापडाच्या विणीत शिरलं पाहिजे, पण पलीकडे थेंब होऊन लोंबता कामा नये. वाळता वाळता कापड आक्रसतं, सुरकुत्या आपोआप जातात आणि ताशावर टिचकी मारावी तसा आवाज यायला लागतो. हवा दमट असली की डोपवर पांढरी साय धरते, सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. म्हणून डोपची खोली तापवलेली असते आणि नोव्हेंबरमध्ये वर्कशॉपमधल्या सगळ्यांना अचानक माझ्या खोलीत काहीतरी काम निघतं. तांबडा डोप, मग उन्हापासून वाचवणारा रुपेरी, मग वरचा हिरवा-तपकिरी रंग. दोन रांगांतल्या टाक्यांवर कातरलेल्या काठाची पट्टी डोपनंच चिकटवायची. ती चिकटली की शिवण कायमची झाकली. बाहेरून बघणाऱ्याला नुसती सरळ रेघ दिसते.

आज आम्ही तोंडाला मास्क लावून, पंखे चालवून हे करतो. पहिल्या महायुद्धात डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असायचं. त्याच्या वाफेनं कामगारांना कावीळ व्हायची, काही जण त्यात गेले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो विषारी घटक मागे पडला होता, डोकेदुखी मात्र राहिली. कापडखात्यात आणि डोपखात्यात पहिल्यापासून बायकाच जास्त.

आता आम्ही पुन्हा उभी करतो ती विमानं येतात कुठून? एकूण साडेचौदा हजारांच्या आसपास हरिकेन बांधली गेली आणि युद्ध संपल्यावर बहुतेक भंगारात गेली. उरलेली सापडतात ती चमत्कारिक जागी. मे १९४० मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर उतरवावं लागलेलं एक हरिकेन वाळूत गडप झालं होतं, ते १९८८ मध्ये बाहेर निघालं आणि २०१७ मध्ये पुन्हा उडालं. सोव्हिएत रशियाला ब्रिटननं तीन हजारांच्या घरात हरिकेन पाठवली होती; त्यांचे सांगाडे उत्तरेकडच्या तळ्यांतून आणि दलदलीतून निघतात. इंग्लंडमध्ये मात्र विमान पडलेल्या जागी असं कुणालाही खणता येत नाही. १९८६ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, कारण खाली माणूसही असू शकतो.

सगळ्यांत नामांकित शोध मात्र आपल्याकडचा आहे. पीटर व्हाचर नावाचे इंग्रज गृहस्थ जुन्या मोटारींच्या नादानं भारतात फिरत असताना १९८२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात त्यांना एक गंजलेलं हरिकेन दिसलं. आर ४११८ या क्रमांकाचं. ग्लॉस्टरजवळ ब्रॉकवर्थच्या कारखान्यात बांधलेलं. ऑगस्ट १९४० मध्ये ते ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेलं, क्रॉयडनहून लढाईवर उडालं, त्या धुमश्चक्रीत ४९ मोहिमा केल्या आणि शत्रूची पाच विमानं त्याच्या नावावर लागली. १९४३ च्या अखेरीस ते जहाजातून भारतात पाठवलं, पण तिथे त्याचा उडण्यासाठी उपयोग झाला नाही; १९४७ मध्ये ते अभियांत्रिकीच्या मुलांना शिकायला म्हणून विश्वविद्यालयाला दिलं. व्हाचर यांनी चिकाटी सोडली नाही. २००१ मध्ये व्यवहार झाला, विमान इंग्लंडला परत आलं आणि २३ डिसेंबर २००४ ला पुन्हा उडालं. १९४० मध्ये ते चालवणारे वैमानिक बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते, त्यांची आणि विमानाची भेटही झाली.

ही गोष्ट मला कितीदा तरी ऐकवली गेली आहे. मी भारतातली म्हणून ऐकवणाऱ्याला वाटतं, हिला आवडेल. आवडतेच. पन्नासहून जास्त उन्हाळे आणि बनारसचे पावसाळे उघड्यावर काढूनही नळ्या राहिल्या, इंजिन राहिलं, क्रमांकाच्या पट्ट्या राहिल्या, हे त्या नळ्या कापणाऱ्यांचं श्रेय आहे. कापड टिकणं शक्यच नव्हतं. तेव्हा ब्रॉकवर्थला जिनं ते शिवलं होतं तिचं त्या विमानावर काहीच उरलेलं नाही.

आमच्या धंद्यात 'मूळचं' या शब्दाला फार किंमत आहे, आणि ती किंमत पौंडांत मोजतात. विमानाची ओळख ठरते क्रमांकाच्या पट्टीवरून आणि जुन्या धातूवरून. एखादी नळी वाचवता येते का यावर आमचे लोक महिनोन्‌महिने खल करतात. पंखांच्या मधल्या भागातला हरिकेनचा स्पार हा बाराकोनी नळीसारखा, पोलादाच्या पट्ट्या एकमेकींत गुंतवून लाटलेला असतो. तो नव्यानं करायला या पिढीतल्या कारागिरांना आधी तो लाटणारी यंत्रं नव्यानं करावी लागली. त्यांना माझा दंडवत. पण कापडाचा प्रश्न आला की सगळ्यांचं एका क्षणात एकमत होतं: काढा आणि टाका. आणि ते बरोबरच आहे. कापड हा विमानाचा बदलायचाच भाग आहे, जुन्या कापडावर कुणाचा जीव टांगायचा नसतो. युद्धातही काही वर्षांनी ते बदलायचेच. म्हणजे झालं असं, की ज्या भागावर बायकांचा हात सर्वांत जास्त होता तोच भाग टिकण्यासाठी केलेला नव्हता. मग ऐंशी वर्षांनी 'मूळचं काय राहिलं' याची यादी करायला बसलं की त्या यादीत बायका येतच नाहीत. कुणी मुद्दाम गाळलेल्या नाहीत. पण म्हणून त्या परत आल्या, असंही होत नाही.

बायका होत्या किती? डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटननं वीस ते तीस वयाच्या अविवाहित बायकांनाही कायद्यानं युद्धकामाला जुंपलं. त्याआधीही कारखान्यांत त्या होत्याच. आणि कारखाने म्हणजे आघाडीच होती. ४ सप्टेंबर १९४० ला दुपारच्या सुट्टीच्या सुमारास ब्रुकलँड्सच्या व्हिकर्स कारखान्यावर बॉम्ब पडले, ऐंशीहून जास्त माणसं मेली. दोन दिवसांनी शेजारच्या हॉकरवर हल्ला झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस साउथॅम्प्टनजवळ वूल्स्टनचा स्पिटफायरचा कारखाना उद्ध्वस्त झाला. तेव्हा सरकारनं ठरवलं, एका छपराखाली कारखाना ठेवायचाच नाही. मोटारींची गॅरेजं, धुलाईची दुकानं, बसचे डेपो ताब्यात घेतले आणि स्पिटफायर गावोगावी तुकड्यातुकड्यानं व्हायला लागलं. एकट्या सॅलिस्बरी शहरात अशा रीतीनं दोन हजारांवर स्पिटफायर झाली आणि करणाऱ्यांत बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या मुली होत्या, ज्यांनी आधी हातात ड्रिल धरलेला नव्हता. कुठे काम करतो ते घरी सांगायचं नाही, असा दंडक. मुली इतक्या इमानी निघाल्या की युद्ध संपल्यावरही त्यांनी सांगितलं नाही. २०१६ मध्ये त्यावर 'सीक्रेट स्पिटफायर्स' नावाचा माहितीपट निघाला, तोपर्यंत बऱ्याच जणींच्या नातवंडांनाही पत्ता नव्हता.

मजुरीचा इतिहास वाचायला लागले तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे बोलणं निघालं की बावन्न पिकाला मीटरमागे किती, यावरच यायचं. इथेही तेच. मे १९४० च्या कराराप्रमाणे पुरुषाच्या जागी काम करणाऱ्या बाईला बत्तीस आठवड्यांनी पुरुषाइतका पगार मिळायला हवा होता, पण तिनं ते काम 'जादा देखरेखीशिवाय' केलं तरच. देखरेख जादा आहे की नाही हे ठरवणार कारखानदार. मग काय व्हायचं ते सांगायला नको. यंत्राला एखादं नवं कुलूप बसवलं, लावून द्यायला एखादा पुरुष ठेवला, की झाली जादा देखरेख. शेवटी ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस ग्लासगोजवळ हिलिंग्टनच्या रोल्स-रॉइस कारखान्यात, जिथे मर्लिन इंजिनं व्हायची, सुमारे १६ हजार कामगार बाहेर पडले. ऐन युद्धात, आणि त्यांत पुरुषही होते. तडजोड अशी झाली की कुठल्या यंत्राला काय दर ते लिहून काढायचं; यंत्रावर बाई आहे की बाप्या, हे बघायचं नाही. युद्धातल्या एखाद्या हवाई झुंजीइतकंच हेही माझ्या विमानाचं चरित्र आहे, असं मी म्हणते. वर्कशॉपमधले लोक यावर मान डोलावतात आणि पुन्हा वैमानिकाच्या लॉगबुकाकडे वळतात.

गेल्या काही वर्षांत हातात आलेल्या कामांपैकी मला सर्वांत जवळचं वाटलं ते एक रशियातून आलेलं हरिकेन. आलं तेव्हा चार पेट्यांत मावेल इतकंच होतं. पट्ट्यांवरून कळलं की ते कॅनडात बांधलेलं, ओंटारियोतल्या फोर्ट विल्यमच्या कॅनेडियन कार अँड फाउंड्री कंपनीत. मूळची ही रेल्वेचे डबे करणारी कंपनी. तिथली मुख्य विमान अभियंता बाई होती: एल्सी मॅकगिल. १९२९ मध्ये मिशिगन विद्यापीठातून विमान-अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेणारी ही पहिली बाई. परीक्षेच्याच सुमारास तिला पोलिओ झाला. पुढे ती काठ्या घेऊन चालायची. विमान चालवता येईना, तर चाचणीच्या उड्डाणाला स्वतः आत बसून जायची. तिच्या हाताखाली चौदाशेहून अधिक हरिकेन बांधली गेली. बर्फावर उतरण्यासाठी घसरपट्ट्या लावलेलं हरिकेनही तिनंच बेतलं. १९४२ मध्ये तिच्यावर 'क्वीन ऑफ द हरिकेन्स' म्हणून चित्रकथासुद्धा निघाली होती. कारखान्यात हजारो माणसं आणि त्यांत भरपूर बायका. इतकं नाव झालेली एल्सी एकटीच. बाकीच्या म्हणजे फोटोत दिसणारे डोक्याला रुमाल बांधलेले चेहरे.

त्या पेट्यांतल्या एका जोडावर, पट्टीच्या खाली, जुन्या ग्रीसमध्ये अडकून कापडाचा तुकडा राहिला होता. तळहाताएवढा. पत्राकाम करणाऱ्या पोरानं तो चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या डब्याकडे नेलाच होता. मी मागून घेतला आणि दिव्याखाली धरला. वरच्या अंगाला रंगाचे पापुद्रे: हिरवा, त्याखाली रुपेरी, त्याखाली तांबडा. पालथा केला तर कच्चं लिनन, तेलानं काळपटलेलं, आणि मधोमध शिवण. दोन रांगा, इंचाला नऊ टाके, शेवटपर्यंत नऊच. एका जागी मशीनचा दोरा संपलेला दिसत होता. तिनं नवा दोरा तिथूनच सुरू केला नव्हता. साधारण इंचभर मागे जाऊन जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच पुन्हा शिवत आणला होता, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात टाका जाड दिसत होता. आणि त्या जागेच्या शेजारी, मशीननं झालं आहे हे पुरेसं न वाटून, मेणाच्या दोऱ्यानं हाताचे तीन टाके घालून गाठ मारली होती. गाठ उलट्या बाजूला पडली होती. मी उजव्या हातानं मारते ती डावीकडे बसते, ही उजवीकडे. ती डावरी असेल, किंवा सांगाड्याच्या आत शिरून पलीकडून शिवत असेल. मी दोन्ही करून पाहिलं, दोन्हींनी तशीच गाठ येते.

ते तीन टाके कुठल्याही नियमात बसत नाहीत. वर पट्टी चिकटणार, त्यावर रंग बसणार, तपासनीस बघणार तो वरून. तिनं ते घातले. आमच्याकडे तपासणी करणाऱ्या मेस्त्रीच्या नजरेत येणार नाही असा ताग्यातला दोष स्वतःहून काढत बसणारी माणसं असायची, मालकाला ती आवडायची नाहीत कारण पीस कमी भरायचे. फोर्ट विल्यमच्या मेस्त्रीचं काय मत होतं, देव जाणे.

अशातच वर्कशॉप बघायला एक आजीबाई आल्या, नातवाच्या गाडीतून. नव्वदी ओलांडलेल्या. युद्धात एका गावातल्या गॅरेजात स्पिटफायरच्या पंखांना रिव्हेट मारायच्या. म्हणजे जोडीदारीण मारायची आणि या आतून लोखंडी ठोकळा धरून बसायच्या. त्या दणक्यांनी कान गेलेले. नातू मोठ्यांदा ओरडून बोलत होता आणि त्यांना काही कळत नव्हतं. मागावरच्या माणसाशी कसं बोलायचं ते मला ठाऊक आहे: समोर उभं राहायचं, तोंड उजेडाकडे करायचं, आवाज वाढवायचा नाही, ओठ नीट हलवायचे. आमचं चांगलं जमलं. नातवाला वाटत होतं, आजी स्पिटफायरच्या आठवणींनी भारावून जाईल. आजीबाईंना स्पिटफायरचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांनी आख्खं विमान तेव्हा पाहिलंच नव्हतं, फक्त डावे पंख. त्यांनी माझी शिवण अंगठ्यानं चाचपली, ठीक आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "पोरी, तासाला किती देतात तुला?" मी सांगितलं. पलीकडे पत्रा ठोकणाऱ्या पोराकडे हनुवटीनं दाखवून म्हणाल्या, "आणि त्याला?" मला माहीत नव्हतं. "मग विचार की."

चहाच्या सुट्टीत विचारलं. फरक होता. त्याचं पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरीला आहे.

त्या तुकड्यानंतर मी एक पद्धत पाडली. जुनं कापड निघालं, कितीही थोडं असलं, तरी ते टाकायचं नाही. मालाच्या नोंदीत त्याला क्रमांक द्यायचा, कुठल्या जागेवरून निघालं ते लिहायचं, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, आणि कार्डावर शिवणीची तपशीलवार नोंद करायची: टाके किती, दोरा कसला, हाताचं काम कुठे, दुरुस्ती कारखान्यातली की मैदानावरची. मैदानावरची असली तर बहुधा एखाद्या फिटरचं हेरिंगबोन टाक्याचं काम असतं, घाईतलं, मोठ्या टाक्यांचं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या हरिकेन स्क्वाड्रनमधले आपले फिटरही असंच शिवत असणार. वर्कशॉपच्या मुख्यानं आधी विचारलं, हे ठेवायचं कुठे आणि त्याचं भाडं कोण देणार. जागा माझ्याच टेबलाखाली निघाली. आता दुसऱ्या वर्कशॉपमधलेही कधीमधी पाकिटातून तुकडे पाठवतात, त्यांना कुणीतरी सांगितलं आहे की अमुक ठिकाणी एक भारतीण चिंध्या गोळा करते.

रशियातून आलेल्या त्या हरिकेनच्या मालकाला हे कळलं तेव्हा तो फार खूश झाला. तुकडा त्याचाच, त्याला चौकट करून दिवाणखान्यात लावायचा होता. मी दिला, पण दोन्ही बाजूंना काच घालून, आणि शिवणीची बाजू दर्शनी ठेवा, असं सांगून. सोबत एक कार्ड दिलं: फोर्ट विल्यम, कापडखातं, मशीनच्या दोन रांगा, हाताचे तीन टाके. त्यानं कौतुकानं ऐकून घेतलं, आभारही मानले. पुढे विमानाच्या कामासाठी त्याच्या घरी जायचा योग आला तेव्हा पाहिलं. चौकट छान झाली आहे, भिंतीवर मोक्याच्या जागी आहे. हिरवा रंग पुढे आहे, शेजारी हरिकेनच्या कुठल्याशा वैमानिकाचा फोटो. कार्डाला जागा पुरली नाही म्हणाला.